पौषात, संकष्टीला, देवाशिवाय: आमचं रजिस्टर लग्न

रजिस्टर लग्न म्हटलं की लोक गृहीतच धरतात की पोरगी पळून गेली किंवा जात वेगळी आहे. आमचं दोन्ही नव्हतं. घरचे ओळखीचे, जात योगायोगाने एकच निघाली आणि पत्रिकासुद्धा जुळत होती म्हणे (आत्यानं गुपचूप बघून घेतली होती, आम्हाला नंतर कळलं). तरी आम्हाला भटजी, होम, सप्तपदी यातलं काहीच नको होतं कारण आम्ही दोघंही देव मानत नाही, आणि आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वचन देताना ज्याच्यावर विश्वास नाही त्याला साक्षीला उभं करायचं हे दोघांनाही खोटं वाटत होतं. नेटवर माहिती शोधायला गेले तर "एका दिवसात कोर्ट मॅरेज" वाल्या जाहिराती, नाहीतर पळून जाणाऱ्यांसाठी सल्ले. आमच्यासारख्यांसाठी फार काही सापडलं नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

घरी विषय काढला तो २०२४ च्या गणपतीत. ७ सप्टेंबरला गणपती बसले, आमच्याकडं दीड दिवसाचा असतो, विसर्जन करून आल्यावर सगळे खिरापत खात निवांत बसले होते तेव्हा सांगून टाकलं. आईची पहिली प्रतिक्रिया, "अगं पण आत्ता आरतीला टाळ कोण वाजवत होतं?" प्रश्न बरोबरच आहे. मी वाजवत होते. मला आरती म्हणायला आवडते, सगळ्यांनी मिळून एका तालात ओरडायला मजा येते, मोदकांबद्दल तर बोलायलाच नको. मूर्तीच्या जागी कुणी ऐकतंय असं मात्र मला कॉलेजपासून वाटलेलं नाही. आईला हे माहीत होतं पण तिला वाटायचं की हे वयाचं खूळ आहे, लग्नापर्यंत जाईल. तिचं म्हणणं एवढंच की चार अक्षता टाकू दे, दोन मंगलाष्टकं होऊ दे, तुला काय फरक पडतो? यावर मी जे उत्तर दिलं ते अजूनही मला पटतं, की मला फरक पडत नसता तर मी कधीच हो म्हणाले असते.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता. "ते कायदेशीर पडतं का? आणि आपली सामाईक जमीन आहे त्यात तुझ्या वाट्याचं काय होतं?" सातारकडचा माणूस, सातबारा आधी.

मग मी कायदा वाचायला घेतला. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, मराठीत विशेष विवाह अधिनियम, १९५४. घाबरू नका, फार मोठा नाहीये, एका रविवारी वाचून होतो. त्यातून जे कळलं ते इथं लिहिते कारण निम्मा गोंधळ इथंच असतो.

आपल्याकडं महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जे "लग्न रजिस्टर" करतात ते लग्न लावणं नसतं, आधीच लागलेल्या लग्नाची नोंदणी असते. तिथल्या फॉर्मवर लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही लागते, लग्नपत्रिका मागतात. विधीच केला नाही तर नोंदवणार काय? आणि हिंदू विवाह कायद्यात कलम ७ आहे, लग्न हे दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधीनंच लागलं पाहिजे, सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा स्पष्ट केलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदानं हिंदू लग्न वैध होत नाही. ही बातमी आमच्या ऑफिसात चर्चेत होती तेव्हा लोक वैतागले होते, मला मात्र बरं वाटलं, निदान चित्र स्वच्छ झालं. तमिळनाडूत १९६७ साली अण्णादुराईंच्या सरकारनं हिंदू विवाह कायद्यातच दुरुस्ती करून भटजीशिवायच्या स्वाभिमान विवाहाला मान्यता दिली, तिथं चार नातेवाईक-मित्रांसमोर हार घातले तरी चालतं. महाराष्ट्रात तसं नाही. सत्यशोधक लग्नाची परंपरा आपल्याकडं १८७३ पासूनची, पहिलं लग्न त्याच वर्षी २५ डिसेंबरला लागलं, आणि मला तिचा आदर आहे, पण त्यात निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा, आहे, म्हणजे फक्त मध्यस्थ काढलाय, वरचा साहेब आहेच. आम्हाला तोही नको होता. मग उरतो १९५४ चा कायदा.

याच कायद्याचा आजोबा म्हणजे १८७२ चा कायदा, बंगालातल्या ब्राह्मो समाज या सुधारक पंथाच्या केशवचंद्र सेन आणि मंडळींच्या खटपटीतून आलेला. त्यात लग्न करायचं तर लिहून द्यावं लागायचं की मी हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यापैकी कुठलाच धर्म पाळत नाही. म्हणजे तेव्हा आस्तिकांची पंचाईत. आता असलं काही लिहून द्यावं लागत नाही. उलट नोटिशीचा जो नमुना कायद्यात दिलाय त्यात धर्माचा रकानाच नाही. नाव, अविवाहित आहे का, व्यवसाय, जन्मतारीख, पत्ता, कायमचा पत्ता, किती दिवस राहताय, झालं. हे बघून मी खरोखर हसले एकटीच.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं. १९७६ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर या कायद्यानं लग्न केलं तरी एकत्र कुटुंब आणि वारसाहक्क पहिल्यासारखंच राहतं. आणि कायद्याच्या नजरेत हिंदू घरात जन्मलेला नास्तिक हिंदूच, तुम्ही कितीही डोकं आपटा. जोडीदार ख्रिश्चन किंवा मुस्लिम असेल तर मात्र एकत्र कुटुंबातून वेगळं झाल्यासारखं धरतात आणि १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, तेव्हा तसं असेल तर आधी वकिलाशी बोला. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करणाऱ्यांनीही या कायद्यातली निषिद्ध नात्यांची यादी बघून घ्या, ती नाती तिथं आहेत, रूढीची सूट आहे पण तिच्या अटी आहेत.

आता प्रत्यक्ष प्रोसेस. दोघांपैकी निदान एकानं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. आम्ही दोघंही नोकरीच्या शहरात भाड्यानं राहतो, त्यामुळं रेंट अ‍ॅग्रीमेंट लावलं. आमची नोटीस गेली ९ डिसेंबर २०२४ ला. नोंदणी विभागाच्या साइटवर फॉर्म भरता येतो, आधारवरून नाव-पत्ता येतो, आणि इथं पहिली टीप: आधार, दाखला आणि पासपोर्ट या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते महिनाभर आधी बघा. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक काना कमी होता, तो निस्तरण्यात नोव्हेंबरचा बराचसा भाग गेला. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, तीन साक्षीदारांची ओळखपत्रं. सरकारी फी अगदी किरकोळ आहे, आमची दीडशेच्या आसपास गेली. त्याहून जास्त खर्च टायपिंग, नोटरी, झेरॉक्स आणि रिक्षा यात झाला, सगळं धरून दोनेक हजार.

ऑफिसच्या बाहेर एजंट असतात. एकानं आम्हाला बारा हजारात "आज अर्ज, आज लग्न" सांगितलं. हे शक्य नाही, ३० दिवसांची नोटीस कायद्यातच आहे, ती कुणी कमी करू शकत नाही. हे लोक करतात काय, तर जवळच्या कुठल्यातरी हॉलमध्ये वैदिक पद्धतीनं हार-होम उरकून त्याची नोंदणी करून देतात. ज्यांना चालतं त्यांनी करावं, पण आमच्यासारख्यांचा मूळ मुद्दाच त्यात वाया जातो.

अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. टायपिस्टकाकांकडं मजकूर तयारच असतो आणि त्यात पहिल्याच ओळीत "ईश्वरसाक्ष". मी म्हटलं तेवढं काढा. काका म्हणाले, "ताई, देव काढला तर कागद चालायचा नाही." मी त्यांना सांगितलं की १९६९ चा शपथेचा कायदा आहे, त्यात देवाच्या नावानं शपथ घ्यायची नसेल त्याला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, कोर्टातसुद्धा, आणि दोन्हीचं वजन सारखंच, खोटं बोललं तर शिक्षाही तीच. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, बॅकस्पेस मारला, वीस रुपये जास्त घेतले. नोटरीनं एक अक्षर न बोलता सही केली. असं कुठं अडलं तर वाद घालू नका, शांतपणे कायद्याचं नाव आणि साल सांगा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लागते. आणि इथं दुसरी मोठी गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही: तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडंही जाते आणि तिथंही लागते. माझी साताऱ्याला गेली, त्याची लातूरला. ज्यांच्या घरून धोका आहे त्यांनी हे आधीच लक्षात घ्या. अलाहाबाद हायकोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर ठेवावी असा निकाल दिला होता पण तो उत्तर प्रदेशातला, आपल्याकडं नोटीस लागतेच. हरकत मात्र कुणालाही वाटेल त्या कारणावरून घेता येत नाही. आधीचा नवरा-बायको जिवंत असणं, वय कमी असणं, संमती देण्याच्या मनःस्थितीत नसणं, निषिद्ध नातं, अशीच कारणं चालतात. घरच्यांना पसंत नाही, पौष आहे, मुलगी देव मानत नाही, यातलं काहीच हरकत म्हणून चालत नाही.

आमच्यावर हरकत कुणी घेतली नाही पण फोन आले. लातूरला त्याच्या मामेभावाचं त्याच ऑफिसात जमिनीचं काम होतं, त्यानं बोर्ड वाचला आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या खानदानाला बातमी. त्याच्या आईला आम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर त्या बिचारीला परक्याकडून कळलं असतं. म्हणून घरी सांगणार असाल तर नोटिशीआधी सांगा, नंतर नाही.

तो महिना माझ्या मते सगळ्या प्रोसेसचा सगळ्यात अवघड भाग. कागद नव्हते, धावपळ नव्हती, फक्त प्रश्न होते. "देव नको, धर्म नको, मग मानता तरी काय गं तुम्ही?" हा आत्याचा प्रश्न. तिला चिडून विचारायचं नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं. मी फोनवर अर्धा तास बोलले असेन. म्हटलं, हे जग कुणी चालवत नाही असं आम्हाला वाटतं, पाऊस पडतो तो ढगांमुळं, माणूस मरतो तो आजारामुळं, त्यामागं कुणाची मर्जी नसते. मेल्यावर काही उरत नाही. सात जन्म नाहीत, हा एकच आहे, त्यामुळं याच जन्मात नीट वागायचं, आणि कुणाशी वाईट वागलो तर त्याचीच माफी मागायची, देवळात जाऊन ती मिळत नाही. आत्या म्हणाली, हे तर आम्ही पण मानतो. मी म्हटलं मग झालंच की. ती म्हणाली, "पण भीती नाही वाटत? काही वाकडं झालं तर कुणाला हाक मारणार?"

याचं उत्तर माझ्यापेक्षा त्याच्याकडं आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. लोक सांत्वनाला यायचे आणि म्हणायचे, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. तो सांगतो की त्या वाक्यानं त्याला ओरडावंसं वाटायचं, आणि त्याच वाक्यानं त्याच्या आईला झोप लागायची, म्हणून तो गप्प बसायचा. त्या दिवसांत आईला नवस बोलता येत होता, त्याला फक्त पुढच्या रिपोर्टची वाट बघता येत होती. नास्तिक असण्याची ही बाजू आम्ही लपवत नाही, कठीण वेळी हात रिकामे असतात. पण राग कुणावर काढायचा, आमचं काय पाप होतं, असले प्रश्नही त्याला पडले नाहीत. व्हायरस होता, वय होतं, शुगर होती. त्याला धीर आला तो शेजारच्यांच्या डब्यांनी आणि रात्री दोनला सिलिंडरसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या मित्रांनी. त्यातलेच दोघं पुढं आमचे साक्षीदार झाले.

त्याच्या मामांनी वेगळाच सूर लावला, हे सगळं पाश्चात्य फॅड आहे. त्यांना मी चार्वाकांचा, म्हणजे आपल्याकडच्याच प्राचीन नास्तिकांचा, दाखला दिला, श्राद्धात वाढलेलं मेलेल्याला पोचत असेल तर गावाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची, घरी बसून त्याच्या नावानं पान वाढा की. मामा हसले. मग पूर्वमीमांसावाल्यांचं, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या जुन्या दर्शनवाल्यांचं, सांगितलं, यज्ञ एवढे काटेकोर करायचे पण जग निर्माण करणारा ईश्वर काही मानायचे नाहीत. मामा म्हणाले, "म्हंजे विधी करा अन् देव नका मानू, हे तर आमच्या गावातल्या निम्म्या लोकांचं हाय." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक लिहिणारे सबंध देशात साधारण ३३ हजार निघाले, त्यात महाराष्ट्रातले सगळ्यात जास्त, आणि धर्म सांगितलाच नाही असे २८ लाखांच्या वर. माझा अंदाज, मामांच्या गावातले निम्मे त्यात कुठंच नाहीत.

तीस दिवस संपले की लग्न लगेच लावता येतं, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लावावं लागतं, नाहीतर नोटीस रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला १७ जानेवारी २०२५, शुक्रवार मिळाला, विवाह अधिकारी साहेब त्या दिवशी मोकळे होते आणि आमची सुट्टी जमत होती. कॅलेंडर बघितलं कुणी? आईनं. पौष महिना आणि वर संकष्टी. पौषात लग्न करत नाहीत हे मला माहीत होतं पण आईचा चेहरा बघून वाटलं की मुद्दाम केलंय असं तिला वाटतंय. तसं नव्हतं. फायदा एवढा झाला की जेवणासाठी छोटा हॉल निम्म्या भाड्यात मिळाला, कारण पौषात हॉल ओसच असतात. आचाऱ्याला दोन स्वयंपाक सांगावे लागले, एक साधा आणि एक उपवासाचा, कारण आमच्याकडच्या बायका संकष्टी मोडणार नाहीत आणि त्यांनी मोडावी असं आम्हाला वाटतही नव्हतं. साबुदाणा खिचडी, भगर, दाण्याची आमटी. ती आमटी मुख्य जेवणापेक्षा भारी झाली होती, उपवास नसलेल्यांनीच संपवली.

हळद मात्र झाली. बहिणींना हवी होती, मलाही हवी होती, गाणी लावून नाचलो. कुणी म्हणेल मग हे का चालतं? मजा आहे म्हणून चालतं, त्यात मी कुणाला काही खोटं सांगत नव्हते.

१७ तारखेला साडेअकराची वेळ होती, आमचा नंबर आला दीड वाजता. पाण्याच्या बाटल्या आणि आजीसाठी फोल्डिंगची खुर्ची घेऊन जा. तिन्ही साक्षीदारांनी ओरिजिनल ओळखपत्र आणायचंच, आणि एक चौथा माणूस जादा न्या, ट्रॅफिकमध्ये कुणी अडकलं तर सगळं थांबतं. मशीनवर अंगठे, वेबकॅमवर फोटो, प्रतिज्ञापनावर आमच्या दोघांच्या आणि तिघांच्या सह्या. मग ते एक वाक्य. कायदा म्हणतो की लग्न तुम्ही कुठल्याही पद्धतीनं लावा, पण अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, एकमेकांना हे वाक्य म्हटल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. मी अमुक, तुम्हाला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. एवढंच. साहेब म्हणाले, पुटपुटू नका, मागच्यांना ऐकू जाऊ द्या. माझा आवाज चिरकला, त्याचा तर फुटलाच नाही पहिल्यांदा. मला वाटलं होतं की ऑफिसात कोरडं वाटेल, फायली, पंखा, बाहेर पुढच्या जोडप्याचा गोंधळ. पण समोर ज्यांच्याकडं बघून बोलत होतो ती सगळी आपली माणसं होती, उद्या आम्ही भांडलो तर जाब विचारायला घरी येणारी. अग्नी काही येत नाही विचारायला.

आजीला विधी समजलाच नाही. "झालं?" म्हणाली. झालं म्हटलं. मग तिनं पिशवीतून अक्षता काढल्या आणि आमच्या डोक्यावर टाकल्या, जिन्यात, सरकारी कचेरीच्या. मी काही बोलले नाही, तिचा तो हक्क आहे असं मला वाटलं, नवऱ्याला थोडं खटकलं, यावर आमचं अजून एकमत नाही. आईनं केलेलं डोरलं मी घातलेलं नाही, ते तिच्या कपाटात आहे आणि तो विषय अजून मिटलेला नाही. सासूबाई त्यांच्या देवघरात आमच्या नावानं रोज दिवा लावतात, आम्ही त्यांना वाती आणून देतो.

सर्टिफिकेट त्याच दिवशी मिळालं. सही करण्याआधी प्रिंटवर नाव, जन्मतारीख, पत्ता दोघांनी वेगवेगळं वाचून बघा, नंतरची दुरुस्ती फार वेळ खाते. मी आडनाव बदललं नाही, बदलावं लागत नाही, कुणी "नियम आहे" म्हटलं तर नियम दाखवा म्हणायचं. प्रमाणित प्रती तेव्हाच दोन-तीन काढून ठेवा. एक आम्हाला ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये लागली, दुसरी बँकेच्या जॉइंट खात्याला, आणि तिसरी बाबांनी स्वतःच मागून घेतली, सातबाऱ्याच्या फायलीत लावायला.